शेजाऱ्याकडे मेले, माझ्याकडे का नाही? थ्रिप्सची ‘जात बदलली’ म्हणजे नेमकं काय झालं

आधी प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. विचारणाऱ्या बागायतदाराची राजापूर तालुक्यात आंब्याची स्वतःची १४० कलमं आणि लगतची ६० करारानं घेतलेली. गेल्या मोहोरात इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारलं, मग थायामेथोक्झाम, मग थायामेथोक्झाम आणि लॅम्बडाचं (लॅम्बडा-सायहॅलोथ्रिन) तयार मिश्रण. आठव्या दिवशी थ्रिप्स (फुलकिडे) जसेच्या तसे, आणि वाटाण्याएवढ्या कणीवर करडे चट्टे. गडग्यापलीकडच्या शेजाऱ्याच्या बागेत मात्र एका फवाऱ्यात काम झालं. दुकानदार म्हणतो, ‘तुमच्याकडे नवीन जात आलीय, तिचं जनुकच बदललंय.’ हे खरं का, डीएनए तपासणी कुठे होते, आणि आता मारायचं काय, असे तीन प्रश्न.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्यावर अवलंबून आहे, म्हणून बाटलीचं नाव शेवटी. मी कीटकशास्त्र शिकलो आणि बावीस वर्षं दापोली ते देवगड बागा फिरतोय. ‘जात बदलली’ हे वाक्य दर हंगामात ऐकतो. त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत कोंबलेल्या असतात. एक, खरोखर दुसरीच प्रजाती आलेली असणं. दोन, नाव एकच पण आत वेगवेगळे वंश असणं. तीन, प्रजाती तीच, वंशही तोच, पण औषध सोसणाऱ्या किड्यांचं प्रमाण वाढलेलं असणं. तिन्हींत जनुकांचा संबंध आहे, पण उपाय तिन्हींचे वेगळे. आणि चौथी शक्यता अशी की किडीत काहीच बदललेलं नाही, फवाराच नीट बसलेला नाही. माझ्या अनुभवात ही चौथी शक्यता लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच जास्त वेळा निघते.

आधी प्रजाती. आपल्या आंब्यावर कोवळ्या पालवीत आणि कणीवर जो त्रास देतो तो मुख्यतः सिर्टोथ्रिप्स डॉर्सालिस, म्हणजे मिरचीवरचाच थ्रिप्स. मोहोरात त्याच्या जोडीला थ्रिप्स हवाइएन्सिसही असतो. मी गाडीत एक पुठ्ठा ठेवतो, अर्धा काळा, अर्धा पांढरा. पालवीचा किंवा मोहोराचा शेंडा त्यावर तीनदा जोरात झटकायचा आणि दहापट भिंग लावायचं. काळ्या अर्ध्यावर फिकट पिवळे, जेमतेम एक मिलिमीटरचे, पोटाच्या पाठीवर आडव्या गडद रेघा आणि मिटलेल्या पंखांमुळे पाठीच्या मध्ये एक काळपट उभी रेघ दिसली, तर तो डॉर्सालिस. पांढऱ्यावर जरा मोठे, तपकिरी दिसले तर दुसरं कोणीतरी. दोन मिनिटांचं काम आहे, पण शंभरातले नव्वद बागायतदार ते कधीच करत नाहीत. आणि ‘नवीन प्रजाती आली’ ही गोष्ट अशक्य नाही. थ्रिप्स पार्व्हिस्पायनस २०१५ मध्ये बंगळुरूकडे पपईवर सापडला आणि २०२१ मध्ये आंध्र-तेलंगणात त्यानं मिरचीचा धुव्वा उडवला. तो डॉर्सालिसपेक्षा स्पष्टच गडद आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मला पिवळेच दिसताहेत, त्यामुळे दुकानदाराची नवीन जात मी तूर्त बाजूला ठेवतो.

तुडतुड्यांच्या बाबतीत हा घोळ तर नेहमीचा. ‘तुडतुडा’ म्हणून आपण एकच नाव घेतो, पण आंब्यावर त्याच्या निदान तीन प्रजाती आहेत. ॲम्रिटोडस अ‍ॅटकिन्सोनाय अंगानं सगळ्यांत मोठा. तो पालवीवर आणि खोडावर राहतो. इडिओस्कोपसच्या दोन प्रजाती मोहोराच्या मागे. एका बागायतदारानं मला सांगितलं होतं, ‘मोहोरातले मेले, खोडावरचे मेले नाहीत, म्हणजे काही सरावलेत.’ खोडावर फवारा गेलाच नव्हता, आणि खोडावरची मंडळीच वेगळी होती.

आता वंश. सिर्टोथ्रिप्स डॉर्सालिसला नाव मिळालं १९१९ मध्ये, कोइमतूरच्या एरंड आणि मिरचीवरच्या नमुन्यांवरून. पुढे जवळजवळ शंभर वर्षं जगभर त्याला एकच प्रजाती समजत होते. २०१५ मध्ये डीएनएवरून तपासलं तेव्हा या एका नावाखाली किमान नऊ छुप्या प्रजाती निघाल्या, भिंगाखाली एकमेकींपासून ओळखू न येणाऱ्या. त्यातल्या ‘दक्षिण आशिया १’ या वंशानंच अमेरिकेपर्यंत मजल मारली. म्हणजे परदेशात धुमाकूळ घालणारा पाहुणा आपल्याच घरचा. गंमत अशी की फळमाशीत याच्या बरोबर उलटं घडलं. २००३ मध्ये केनियात सापडलेल्या आंब्यावरच्या फळमाशीला नवीन प्रजाती ठरवून २००५ मध्ये बॅक्ट्रोसेरा इन्व्हाडेन्स हे नाव दिलं, आणि २०१५ मध्ये ती आपलीच बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस असल्याचं मान्य करून ते नाव मिटवलं. एकीकडे एका नावात नऊ निघाल्या, दुसरीकडे दोन नावांत एक. म्हणून दुकानदाराच्या तोंडच्या ‘नवीन जात’ला मी फार वजन देत नाही, तज्ज्ञांचीही यात फसगत होते.

इथे डीएनए तपासणीचा तुमचा प्रश्न येतो. नेहमीच्या बारकोड तपासणीत मायटोकाँड्रियातल्या एका जनुकाचा तुकडा वाचतात. तो फक्त आईकडून येतो आणि प्रजाती किंवा वंश कोणता ते सांगतो. औषध सोसण्याची ताकद मात्र पेशीकेंद्रातल्या जनुकांत असते, बारकोडला ती दिसत नाही. प्रजातीची खात्री हवी असेल तर नमुने अल्कोहोलमध्ये घालून कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागामार्फत पाठवा. बंगळुरूला कृषी कीटक संसाधनांची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे ओळख पटवतात. पण रिपोर्ट हातात आला तरी ‘थायामेथोक्झाम चालेल का’ याचं उत्तर त्यात नसेल. तुमच्यासाठी हा खर्च आत्ता तरी वाया जाईल असं मला वाटतं.

उरली तिसरी शक्यता, औषध सोसणाऱ्यांचं प्रमाण वाढणं. ‘कीड औषधाला सरावली’ असं आपण म्हणतो ना, हा शब्दच घात करतो. माणूस तिखटाला सरावतो तसा थ्रिप्स सरावत नाही. एक किडा त्याच्या दोन-तीन आठवड्यांच्या आयुष्यात काही शिकत नाही. झुंडीत आधीपासूनच थोडे असे असतात ज्यांच्या एखाद्या जनुकात किंचित फरक आहे. पायरेथ्रॉइड गटाचं उदाहरण घ्या, लॅम्बडा त्यातलंच. हे औषध चेतातंतूतल्या सोडियमच्या दारावर बसतं. त्या दाराच्या प्रथिनात एका जागी एक अमिनो आम्ल बदललं की औषधाला तिथं नीट बसता येत नाही. निओनिकोटिनॉइडच्या (इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम याच कुळातली) बाबतीत बऱ्याचदा किडीच्या शरीरातली विष मोडून टाकणारी विकरं (एन्झाइम) जास्त प्रमाणात तयार होतात. असे किडे औषध बाजारात येण्याच्या आधीपासून होते. आपण फवारा मारून त्यांचे भाऊबंद संपवले आणि त्यांना पालवी मोकळी करून दिली. बागेत जनुकांची विविधता जितकी जास्त, तितकी असा एखादा आधीच हजर असण्याची शक्यता जास्त.

थ्रिप्समध्ये हे इतकं वेगानं का होतं, ते समजण्यासारखं आहे, म्हणून इथे जरा थांबतो. थ्रिप्सची मादी मीलनाशिवाय अंडी घालते तेव्हा त्यातून नर निघतात, फलित अंड्यातून माद्या. म्हणजे नराला बाप नसतो, आजोबा मात्र असतो. नरात प्रत्येक जनुकाची एकच प्रत. आता समजा, औषध सोसणारं जनुक झुंडीत हजारात एक इतकं दुर्मिळ आहे आणि ते दबकं आहे, म्हणजे दोन्ही प्रती तशा असल्या तरच त्याचा गुण दिसतो. तुडतुड्यासारख्या किडीत असे दोन्ही प्रतींचे किडे दहा लाखांत एक निघतील. थ्रिप्सच्या नरात मात्र दुसरी प्रत झाकायला नाहीच, त्यामुळे हजारात एक नर पहिल्याच फवाऱ्यात टिकतो. आणि त्या नराच्या सगळ्या मुली ते जनुक घेऊनच जन्मतात. दहा लाख आणि एक हजार यांतला हा फरक म्हणजे तुमचा आठवा दिवस.

हे फक्त रासायनिक औषधांचं दुखणं आहे असं समजू नका, कारण तुम्ही शेवटी ‘सेंद्रियवर जाऊ का’ असंही विचारलंय. युरोपात सफरचंदावरच्या कॉडलिंग मॉथसाठी ग्रॅन्युलोव्हायरस वापरतात; कीड मारणारा विषाणू, सेंद्रिय बागायतदारांचा मुख्य आधार. २००५ मध्ये जर्मनीतल्या काही बागांतल्या अळ्या त्याला हजारपटीनं दाद देईनाशा झाल्याचं पुढे आलं. जनुक शोधलं तर ते झेड या लिंग-गुणसूत्रावर निघालं. पतंगांत मादीकडे झेडची एकच प्रत असते, म्हणजे आपल्या थ्रिप्सच्या नरासारखीच उघडी पडलेली. शिवाय बाजारातली सगळी उत्पादनं मेक्सिकोतून आणलेल्या एकाच विषाणू-वाणावर उभी होती. विविधता किडीत होती, औषधात नव्हती. पुढे विषाणूचे दुसरे वाण आणले तेव्हा मार्ग निघाला. तेव्हा निंबोळी अर्क, बुरशीची औषधं जरूर वापरा, मीही सांगतो, पण एकच बाटली वर्षानुवर्षं नको.

मग गडग्यापलीकडे का मेले? कीड किती हिंडते यावर हे ठरतं. फळमाशी किलोमीटरच्या हिशेबात उडते आणि फळांच्या पेट्यांतून जिल्हे ओलांडते. तिची झुंड तुमची नाही, गावाची असते. म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा फळमाशीसाठीचा रक्षक सापळा एकट्यानं लावून भागत नाही, वाडीनं मिळून लावायचा असतो. दुसऱ्या टोकाला खवले कीड आणि पिठ्या ढेकूण. त्यांच्या माद्यांना पंख नाहीत, त्या झाडाला चिकटून बसतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १९०८ च्या सुमारास सॅन होजे खवल्यावर गंधक-चुन्याचा निवळ काही बागांत पूर्वीसारखा चालेना, दुसरीकडे त्याच फवाऱ्यानं खवले मरत होते. मेलँडर नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं १९१४ मध्ये ‘किडी फवाऱ्याला प्रतिकार करू शकतात का’ असा प्रश्न लेखाच्या मथळ्यातच विचारला. शंभर वर्षांपूर्वीचा तुमचाच प्रश्न आहे हा.

थ्रिप्स या दोन टोकांच्या मध्ये बसतो. स्वतः फार उडत नाही, पण वाऱ्यानं वाहत जातो, आणि मिरची, एरंड, रानातलं तण असं शंभर ठिकाणी पोसतो. म्हणून गडग्याच्या दोन बाजूंना फरक असू शकतो, पण तो कायमचा राहत नाही. तुमचे नर पलीकडे जातात, त्यांच्या माद्या इकडे येतात. आज जो तुमचा प्रश्न आहे तो दोनतीन हंगामांत शेजाऱ्याचाही होईल, किंवा नशीब असेल तर शेजाऱ्याच्या साध्या किड्यांमुळे तुमचं प्रमाण खाली येईल. बांधावरचं न फवारलेलं रायवळ आंब्याचं झाड या दुसऱ्या कामाला येतं. तिथे औषधाला मरणारे किडे टिकतात आणि तुमच्यातल्यांशी जुळून त्यांचं जनुक पातळ करतात. तुडतुड्यात हा उपाय चांगला चालायला हवा. थ्रिप्समध्ये मी फार भरवसा देत नाही, कारण मिश्र मादीच्या निम्म्या मुलांत ते जनुक पुन्हा उघडं पडतंच. पण रायवळ आहे म्हणून तोडू नका, एवढं नक्की.

करारानं घेतलेल्या ६० कलमांकडे मी सगळ्यात आधी बघेन. आदल्या करारदारानं तिथे काय मारलं, किती वेळा मारलं, हे कोणाकडेच लिहिलेलं नसतं. तुम्ही हंगामाला तीन फवारे मारले, पण त्या झाडांवरच्या किडीच्या पिढ्यांनी कदाचित पाच वर्षांत पंचवीस सोसले असतील. जमलं तर मूळ मालकाकडून जुनी बिलं मिळवा. नावं कळली तरी पुष्कळ.

आणि आता बिलावरच्या नावांचं. तुम्ही तीन फवारे मारले असं लिहिलंय. मी एकच मोजतो. औषध किडीत कुठे आणि कसं काम करतं त्यावरून त्याला गटाचा नंबर असतो. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम दोन्ही ४ए गटातली, किडीच्या शरीरात एकाच जागी बसणारी. अ‍ॅसिटामिप्रिड घेतलं असतं तरी तेच. तिसऱ्या मिश्रणात पुन्हा थायामेथोक्झाम, फक्त जोडीला ३ए गटातलं लॅम्बडा. आणि डेल्टामेथ्रिन ते लॅम्बडा हा बदलही बदल नाही, दोन्ही ३ए. स्पिनोसॅड सोडून स्पिनेटोरम घेणं हेही एकाच ५ नंबरच्या गटात फिरणं आहे. हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. सुरुवातीच्या काळात देवगडकडच्या एका बागेत मीच इमिडानंतर थायामेथोक्झाम लिहून दिलं, ‘औषध बदललंय’ असं ठासून सांगितलं, आणि फेल गेल्यावर दुकानातला माल बनावट असेल असं म्हणून मोकळा झालो. बागवाल्याची अर्धी कणी खरवडली. माल बरोबर होता.

मारायचं काय ते ठरवण्याआधी एक घरगुती चाचणी करा. सहा पारदर्शक मिठाईचे डबे घ्या, झाकणाला भोक पाडून मलमल ताणून लावा. तुमच्या बागेतली न फवारलेली कोवळी पानं, निम्मी साध्या पाण्यात आणि निम्मी लेबलवरच्या प्रमाणात कालवलेल्या औषधात दहा सेकंद बुडवून सावलीत सुकवा. हातात मोजे हवेतच. ओल्या बारीक ब्रशनं प्रत्येक डब्यात वीस पिल्लं सोडा. तीन डबे पाण्याचे, तीन औषधाचे. २४ आणि ४८ तासांनी मेलेले मोजा. मग अगदी हेच शेजारच्या बागेतल्या थ्रिप्सवर करा, बाटली तीच ठेवून.

पाण्याच्या डब्यातही काही मरतात, ते वजा करावे लागतात. यासाठी अ‍ॅबटचं १९२५ चं सूत्र अजून चालतं. समजा, पाण्यात वीसातले सरासरी २ मेले, म्हणजे १० टक्के. औषधात १४, म्हणजे ७० टक्के. सत्तरातून दहा वजा केले, उरलेल्या साठाला नव्वदानं (शंभरातून पाण्यातले दहा वजा) भागलं, आले साधारण ६७ टक्के. शेजाऱ्याच्या किड्यांत १९ मेले तर तोच हिशेब ९४ च्या आसपास जातो. एवढा फरक तिन्ही डब्यांत दिसला तर तुमची शंका खरी. दोन्हीकडे १९ मेले तर कीड तीच आहे, प्रश्न फवाऱ्यात आहे. आणि पाण्यातच पाच-सहा मेले तर चाचणी रद्द, हात जड पडलाय, पुन्हा करा. वीस-वीस किड्यांवर संशोधन होत नाही, पण पुढच्या फवाऱ्याचे पैसे वाचवायला पुरतं.

फवाऱ्याचा प्रश्न निघाला तर हे आठवा. थ्रिप्सची अंडी पानाच्या आत रुतलेली असतात आणि कोष पाल्याच्या कचऱ्यात, मातीत किंवा सालीच्या फटीत. कितीही भारी औषध आणलं तरी त्या दिवशी हे दोघं वाचतातच. आठव्या दिवशी दिसलेले तुमचे थ्रिप्स पिल्लं होती की मोठे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नुसती बारीक पिल्लं असतील तर ती अंड्यांतून आलेली, औषध फेल गेलं असं लगेच म्हणता येत नाही. मोठ्यांबरोबर सगळ्या वयाचे असतील तर मला काळजी वाटेल. उंच जुन्या कलमांच्या शेंड्यापर्यंत तुमचा पंप पोहोचतो का, तेही खालून बघून कळत नाही. शेंड्याकडच्या डहाळ्या आकड्यानं ओढून पानं तपासावी लागतात.

चाचणीत तुमची शंका खरी निघाली, तर या हंगामात ४ए पूर्ण बंद, मिश्रणांसकट. फवाऱ्यागणिक गट बदलायचा नाही, पिढीगणिक बदलायचा. थ्रिप्सची पिढी आपल्याकडे साधारण दोन ते तीन आठवड्यांची, तेवढ्या काळात गरज पडली तर एकच गट, आणि पुढच्या पिढीला दुसरा. नाहीतर एकाच पिढीच्या अंगावर तीन गट पडतात आणि तिन्ही सोसणारे आपणच निवडतो. कोणता गट ते आंब्यासाठी आणि थ्रिप्ससाठी लेबलवर काय मंजूर आहे त्यावरून ठरवा; स्पिनोसिन गट (स्पिनोसॅड, स्पिनेटोरम) बऱ्याच जणांच्या डोक्यात असतो, पण गेल्या हंगामात त्या ६० कलमांवर तोच पडला होता का, हे आधी शोधा. ४ए बंद केल्यावर प्रमाण आपोआप खाली येईल का, हे त्या जनुकाचं ओझं किडीला किती पडतं यावर आहे. कधी दोन हंगामांत फरक दिसतो, कधी जनुक हटत नाही.

पाऊस संपून पालवी फुटेल तेव्हाच डबे लावा, मोहोराची वाट बघू नका. पालवीतले थ्रिप्स तेच असतात आणि तेव्हा चुकलं तर फळ जात नाही. आकडे, आणि त्या पिल्लांचा काळ्या पुठ्ठ्यावरचा एक फोटो इथेच टाका, मग बाटलीचं बोलू.